पाऊस निरंक, नळीत पाच

बदली होऊन मी जानेफळच्या अलीकडच्या एका गावात विज्ञान शिकवायला गेले तेव्हा माझं वय बत्तीस होतं आणि माझा मोबाइल माझ्यापेक्षा शहाणा आहे अशी माझी पक्की समजूत होती. माहेर चिखलीचं, नवरा मलकापूरला नोकरीला. तो शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. मधले दिवस मी एकटी. राहायला जागा मिळाली ती उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षकांच्या घरी, वरच्या मजल्यावर. गाव त्यांना मास्टरसाब म्हणायचं, त्यांच्या बायकोला चाची म्हणायचं. मीही तेच सुरू केलं.

सामान उतरवताना माझ्या हातात पाण्याचा माठ होता. अंगणाच्या मधोमध सिमेंटमध्ये रोवलेलं, गुडघ्याएवढं उंच, पांढरं काहीतरी दिसलं. वरून गोल, पितळी कडेचं. माठ ठेवायला अगदी बेतानं केलेलं. मी ठेवणार तेवढ्यात ओसरीतून आवाज आला.

"मॅडम, तो ओटा नोहे."

ते पर्जन्यमापक होतं. विज्ञानाच्या शिक्षिकेनं पर्जन्यमापकावर माठ ठेवायला जावं, यापेक्षा वाईट ओळख दुसरी कोणती होणार. मास्टरसाब सत्तरीचे, सडपातळ, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. ते हसले नाहीत. चाची मात्र पदर तोंडाला लावून आत गेली.

बऱ्याच वर्षांपूर्वी कुठल्याशा बियाणे फार्मचं जुनं सामान मोडीत निघालं होतं, त्यात हे यंत्र त्यांना मिळालं. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला ते अंगणात यायचे. बगलेत वही, हातात फडक्यात गुंडाळलेली काचेची मापनळी. वरचं नरसाळं काढायचं, आतली बाटली बाहेर घ्यायची, पाणी नळीत ओतायचं, नळी डोळ्यांसमोर धरायची, आकडा लिहायचा. पाऊस असो नसो. सगळं कोरडं ठणठणीत असतानाही ते रिकामी बाटली बाहेर काढून उपडी करून पाहायचे आणि वहीत 'निरंक' लिहायचे.

"आभाळात ढग नाही, मंग उघडता कशाला?" मी एकदा विचारलं.

"पाऊस नाही पडला हे बी कोणी पाह्यलं पाहिजे ना," ते म्हणाले.

वह्या हजेरीपटासारख्या लांबट. तारीख, आकडा आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना आकड्याच्या तिप्पट रुंद. 'वारा पश्चिमेचा. समोरच्या घरी लग्न, मांडव उडाला.' 'नळी साबणानं धुतली.' 'काल मी मेहकरला होतो. दोन दिवसांचं पाणी एकत्र मोजलं आहे, वेगळं समजू नये.' मला हे वाचून गंमत वाटायची. एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, हे मात्र कळत नव्हतं.

कारण आमच्या शाळेच्या मैदानात त्या वर्षी खरं यंत्र आलं होतं. कुठल्याशा कंपनीनं उभं केलेलं स्वयंचलित हवामान केंद्र. तारेचं कुंपण, सौरपट्टी, वाऱ्याबरोबर गरगर फिरणाऱ्या वाट्या आणि एका खांबावर पाऊस मोजणारा डबा. दर पंधरा मिनिटांनी आकडे मोबाइलवर. माणसाचा हात लागायचं कामच नाही. कुंपणाची चावी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिली होती, सौरपट्टीवरची धूळ पुसायला. मी ती चावी मंगळसूत्राइतकी जपायची.

पावसाळा सुरू झाला आणि आमची भांडणंही. मास्टरसाब सांगायचे वीस, माझा मोबाइल सांगायचा तेरा. ते म्हणायचे पस्तीस, मोबाइल म्हणायचा चोवीस. चाचीच्या हातचा चहा पिता पिता मी त्यांना स्क्रीन दाखवायची.

"हे पाहा. तेवीस पॉइंट आठ. दशांशासकट."

"दशांश लिहिला म्हणजे खरं होते का?"

"मशीन खोटं काऊन बोलन, मास्टरसाब?"

"मशीन खोटं नाही बोलत. मशीन बोलतच नाही. तुम्ही बोलून राह्यल्या."

मी वर येऊन चिडचिड करायची. एक सत्तरीचा माणूस, जाड चष्मा, काचेची जुनी नळी. मला आतून संशय होता की ते आकडे मनानं टाकतात. आदल्या रात्री झोपेत किती आवाज आला यावरून. पण तोंडावर कसं म्हणणार? घरमालक होते, वडिलांच्या वयाचे होते आणि चाचीचा शिरखुर्मा अजून खायचा होता. म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं.

ऑक्टोबर लागला होता. पाऊस जाऊन दहा-बारा दिवस झाले होते, उन्हानं अंगण तापलेलं. मी शाळेतून मोजपात्र घरी आणलं. त्यांच्या यंत्राच्या तोंडाचं क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटीमीटर, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सात मिलीमीटर पावसासाठी एकशे चाळीस मिलिलिटर पाणी लागतं. मी ते नीट मोजून घेतलं आणि सकाळी आठला, मास्टरसाब दाढी करत होते आणि चाची मागच्या दारी भांडी घासत होती तेव्हा, खाली उतरून नरसाळ्यात ओतलं. मग वर जाऊन खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. माझा तर्क सरळ होता. त्यांनी न पाहता 'निरंक' लिहिलं तर ते बाटली उघडतच नाहीत. त्यांनी सात मिलीमीटर पाऊस लिहिला तर ते आभाळाकडे बघत नाहीत. दोन्हीकडून मीच जिंकणार होते.

साडेआठला ते आले. नरसाळं काढलं, बाटली उचलली आणि थबकले. पाणी नळीत ओतलं. नळी डोळ्यांसमोर धरली, पुढे नेली, मागे आणली. मग आभाळाकडे पाहिलं. खाली बसून लिंबाच्या आळ्यात बोट घातलं. दोरीवरचा टॉवेल चाचपला. चुलीची राख जिथे टाकलेली असायची तिथे जाऊन राखेला हात लावला. शेवटी नळीतल्या पाण्यात करंगळी बुडवून ती चाटली. मग बराच वेळ काहीतरी लिहीत बसले.

दिवसभर शाळेत माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी चहाला खाली गेले तर ते नमाजला गेलेले. वही ओसरीतल्या कपाटावर. चाचीची नजर चुकवून मी उघडली.

'पाऊस निरंक. नळीत पाणी पाच मि.मी. जमीन कोरडी, कपडे कोरडे, राख उडते आहे. पाणी गोड आहे. आमच्या बोअरचं पाणी मचूळ. घरात फिल्टर फक्त वरच्या मजल्यावर आहे.'

माझे कान गरम झाले. पहिली शरम ओसरल्यावर डोक्यात आलं की मी सात ओतलं होतं, त्यांनी पाच लिहिलंय. थोडं बाहेर सांडलं असेल, असं म्हणून मी वही मिटली. मागे वळले तर चाची दारात उभी.

"वाचलं का?" तिनं विचारलं.

"हो."

"मले त्यांनी सकाळीच सांगतलं. म्हणे, मॅडमले काही बोलू नको, चहात साखर जास्ती टाक."

चहा खरंच गोड होता. मास्टरसाब आले, बसले, कप उचलला. पाच मिनिटं ते शाळेच्या परीक्षांबद्दल बोलले. मग सहज म्हणाले, "मॅडम, एक विचारू? माह्या मशीनची परीक्षा झाली. तुमच्या मशीनची कवा?"

आता नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

रविवारी दुपारी शाळेत कोणी नसतं. त्या आठवड्यात नवरा आला नव्हता. मी चावी घेतली आणि तांब्याभर पाणी. मास्टरसाबांना बरोबर यायचं नव्हतं. "माह्यासमोर केलं तर तुम्ही म्हणान का मीच काही केलं," ते म्हणाले. चाचीला मात्र यायचं होतं. घरातलं स्टूल तिनंच उचललं. दोघी भर उन्हात मैदानातून चाललो होतो, ती स्टूल घेऊन, मी तांब्या पदराखाली झाकून. कोणी पाहिलं असतं तर काय समजलं असतं, देव जाणे.

कुंपण उघडलं. चाचीनं स्टूल धरलं, मी चढले. पावसाच्या डब्यात धार धरली. एकदम नाही, हळूहळू, रिमझिम पडावी तशी. आतून टक टक असा आवाज येत होता.

"काही बोलून राह्यलं वाट्टे," चाची म्हणाली.

तांब्या अर्धा रिकामा झाल्यावर मी थांबले. कुलूप लावलं आणि दोघी वडाखाली मोबाइल उघडून बसलो. चाचीनं कनवटीचे फुटाणे काढले. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग आकडा आला. आमच्या गावात एकोणीस मिलीमीटर पाऊस. चित्रात काळा ढग, खाली तीन तिरप्या रेघा. वर आभाळ असं निळं होतं की डोळे दुखावेत.

चाचीनं स्क्रीनकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि फुटाणा चावत म्हणाली, "बेटा, ह्याले तर राखही पाहता येत नाही."

इथपर्यंत मजा होती. आम्ही घरी परतायच्या आत त्या मजेचं काहीतरी वेगळंच होऊन बसलं. तालुक्याच्या शिक्षकांच्या गटावर मुख्याध्यापकांचा निरोप आला होता, उद्या विद्यार्थ्यांना नाल्याजवळ जाऊ देऊ नये. चिखलीहून भावाचा फोन आला, "तुमच्याकडं जोरात चालू आहे म्हणते, इकडं तं थेंब नाही." मी हो-नाही असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला.

आमच्या समोर एक काकू राहायच्या. नवरा शेतावर, मुलगा पुण्याला नोकरीत. त्यांनी सोयाबीन काढून आणलं होतं आणि घरासमोरच्या डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलं होतं. आम्ही वळणावर आलो तर काकू धावपळ करत होत्या. सोयाबीनचा ढीग केला होता आणि त्यावर ताडपत्री ओढत होत्या. चेहरा घामानं थबथबलेला.

"काकू, काय झालं?"

"पोराचा फोन आला ना. म्हणे, आई, गावात पाऊस चालू आहे, सोयाबीन भिजन, झाकून टाक."

"पण पाऊस कुठं आहे?"

काकूंनी वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून हात आडवा धरला. "हाव, इथं तं दिसत नाही. पण तो फोनमधी पाहून सांगून राह्यला. मशीनमधी आलं म्हणे. पडत असन कुठीतरी, येईन इकडं."

स्वतःच्या डोक्यावरच्या उन्हापेक्षा त्यांचा पुण्याच्या फोनवर जास्त विश्वास होता, आणि त्या फोनवरचा पाऊस माझ्या तांब्यातला. ओलसर सोयाबीन ताडपत्रीखाली कोंडलं तर उबतं. मी तांब्या चाचीच्या हातात दिला आणि म्हणाले, "काकू, तो पाऊस मी पाडला."

त्यांना काही कळेना. मी सगळं सांगितलं. स्टूल, तांब्या, चाची. काकूंनी ताडपत्रीचं टोक माझ्या हातात दिलं.

"मंग आता तुम्हीच पसरवा."

मी आणि चाचीनं तासभर फावड्यानं सोयाबीन पुन्हा पसरलं. काकू ओट्यावर बसून देखरेख करत होत्या. मधेच त्यांनी मुलाला फोन लावला. "अरे, तो पाऊस नव्हता, मॅडम होती," असं त्या सांगत होत्या. पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण काकू म्हणाल्या, "नाही रे, मॅडम नावाचं वादळ नाही, शाळेतली मॅडम."

मास्टरसाबांना कळलं तेव्हा ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "तुम्ही माह्या बाटलीत पाणी टाकलं, मी वहीत लिहून टाकलं. आता तुमच्या मशीनच्या वहीत कोण लिहिणार?"

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. स्टेशन बंद असल्यास एक दाबा. आकडा येत नसल्यास दोन दाबा. आकडा येतोय पण तो मी ओतला आहे, यासाठी कुठलंच बटण नव्हतं. शेवटी एक मुलगी बोलली. मी तिला तारीख आणि वेळ सांगितली, तो पाऊस काढून टाका म्हटलं.

"मॅडम, सिस्टिमला पाऊस दिसतोय."

"तो मी टाकलाय. तांब्यानं."

"म्हणजे तुमची तक्रार आहे की पाऊस जास्त पडला?"

तिचा काही दोष नव्हता. तिच्यापुढे शेऱ्याचा रकानाच नव्हता. तो एकोणीस मिलीमीटर पाऊस त्यांच्या नोंदीत आजही असेल.

तीन आठवड्यांनी एक तंत्रज्ञ मोटारसायकलवर आला. तरुण, बोलका माणूस. त्यानं पावसाचा डबा उघडून दाखवला. आत एक छोटा झोका होता, दोन बाजूंना दोन चिमुकल्या वाट्या. एक भरली की झोका कलंडतो, पाणी सांडतं, दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याची एक नोंद. एका कोपऱ्यात कोळ्यानं घर केलं होतं, ते त्यानं बोटानं काढलं.

"याले पाऊस समजत नाही, मॅडम. याले झोका समजते. लय जोराचा पाऊस आला की झोका कलंडेपर्यंत बरंच पाणी असंच निघून जाते. मंग आकडा कमी येते."

"हे कुठं लिहिलेलं असतं का?"

"पुस्तकात आहे. मोबाइलवर नाही."

मी घरी येऊन हे मास्टरसाबांना सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी चाचीला भजी करायला सांगितली. मी हरले होते आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. उलट दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या सगळ्या वह्या संगणकावर उतरवायचं मी आपणहून कबूल केलं. इतक्या वर्षांचा पाऊस, असा वाया का जावा.

टाइप करायला लागले आणि चौथ्या दिवशी माझी बोटं थांबली. जुन्या वह्यांत आकडे होते बारा पॉइंट चार, सात पॉइंट सहा, तीन पॉइंट दोन, एकतीस. गेल्या दोन पावसाळ्यांत आकडे होते पाच, दहा, वीस, पस्तीस, पंधरा, पाच, पंचवीस. मी पानं मागेपुढे केली. एकही सात नाही, एकही बारा नाही. आभाळ पाचाच्या पाढ्यानं पडायला लागलं होतं.

मग मला माझे सात मिलीमीटर आठवले. सांडलं काहीच नव्हतं. नळीवर पाच-पाचाच्या रेघा लांब आणि जाड, मधल्या बारीक. त्यांना बारीक रेघा दिसतच नव्हत्या.

मी आधी चाचीला गाठलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "सुईत दोरा मलेच ओवा लागते. ते नळी उजेडात धरते, मंग मनातल्या मनात काही जुळवते. मी म्हणलं डॉक्टरले दाखवू, तं म्हणे मले दिसते."

"मी सांगू का त्यांना?"

"तू सांग. माह्यावर रागवन."

जो माणूस करंगळीच्या चवीवरून माझ्या फिल्टरपर्यंत पोचला होता, त्याला हे कसं सांगायचं? मी दोन दिवस घोळवत राहिले. शेवटी वही आणि कागदावर काढलेले आकडे घेऊन खाली गेले आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला. आकडे मी मोठे काढले होते. पाच, दहा, वीस, पस्तीस. ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"हे माह्या हातचं आहे?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि आत गेले. पुढचे दोन दिवस साडेआठला अंगणात कोणी आलं नाही. चाची वर येऊन म्हणाली, जेवून राह्यले, पण बोलून नाही राह्यले. मला वाटलं मी एका म्हाताऱ्या माणसाचं सगळं काढून घेतलं. माझं यंत्र खोटं ठरलं म्हणून त्यांचं खोटं ठरवायची काय गरज होती?

तिसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन अंगणात दिसले. मी खाली उतरले. त्यांनी लाल शाईनं पहिल्या बिघडलेल्या पानावर लिहिलं होतं. अक्षरं मोठी, ओळ थोडी चढती.

'इथून पुढे दोन पावसाळे आकडे पाचाच्या पटीत आहेत. पाऊस तसा नव्हता, माझे डोळे तसे होते. दोन-तीन मिलीमीटर इकडे तिकडे समजावे. ही चूक वरच्या मजल्यावरच्या मॅडमनी पकडली.'

"माझं कशाला लिहिलं?"

"फिल्टरचं पाणी बी तुमचंच लिहिलं होतं ना. दोन्ही बाजूनं पाह्यजे."

त्या हिवाळ्यात चिखलीला माझ्या भावानं डॉक्टरांची वेळ घेतली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, दुसऱ्याचं पुढे करू म्हणाले. मधल्या काळात फडक्यातली नळी चाचीच्या हातात गेली आणि मग ती परत द्यायला चाची तयार होईना. पावसाळ्यात रोज सकाळी मला वरून त्यांचं भांडण ऐकू यायचं.

"साडेसहा."

"साडेसहा नसते. सहा पॉइंट चार किंवा सहा पॉइंट सहा. रेघ असते तिथं."

"पाणी रेघेच्या मधात उभं आहे तं मी काय करू? त्याले धक्का देऊ?"

मास्टरसाब एका नव्या डोळ्यानं नळी पाहायचे, तो एक आकडा. चाचीचा वेगळा. दोघं ऐकेनात, तेव्हा त्यांनी वहीत दोन रकाने आखले. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'घरातून'. बहुतेक दिवशी फरक दोन दशांशाचा. ज्या दिवशी आकडे जुळायचे त्या दिवशी दोघंही थोडे नाराज दिसायचे.

त्या ऑगस्टमध्ये शाळेतलं केंद्र तीन आठवडे बंद पडलं. वीज पडली म्हणाले, मग म्हणाले सिमकार्ड. नेमके तेच आठवडे भरपूर पावसाचे. ऑक्टोबरात तालुक्याहून एक साहेब जीपमधून आले. त्यांना कुठल्याशा अहवालासाठी त्या दिवसांचे आकडे हवे होते आणि गावात कोणीतरी त्यांना या घरी पाठवलं होतं. मी शाळेतून परत आले तेव्हा ते ओसरीत वही चाळत बसले होते.

"फार छान," ते म्हणाले. "फक्त हे शेरे वगळून एका कोऱ्या कागदावर उतरवून द्या. एकच रकाना. दोन-दोन आकडे पाठवले तर वर कोणी विश्वास ठेवणार नाही."

"एक आकडा पाठवला तर ठेवतील?" मास्टरसाबांनी विचारलं.

"ठेवतील ना. मशीनचा एकच येतो."

"मंग शेरा काढला तर आकडे बी इथंच राहू द्या, साहेब."

साहेब माझ्याकडे पाहायला लागले. विज्ञानाच्या बाई आहेत, समजावतील, असं त्यांना वाटलं असावं. मी म्हणाले, वहीचे फोटो काढा, आहे तसे. दोन्ही रकाने, शेऱ्यासकट. त्यांनी मोबाइल काढला आणि एकेका पानाचा फोटो घ्यायला लागले. वाचायलाही लागले होते. मधेच एकदा हसलेसुद्धा.

चाची चहा घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला आणि विचारलं, "साहेब, हे कुठंलोक जाईन?"

"आधी जिल्ह्याला. मग मुंबईला."

"माह्या रकान्यातलं बी?"

"हो, तुमचंही."

चाची वहीपाशी बसली, पानं उलटली आणि एका तारखेवर बोट ठेवलं.

"मंग ह्या दिवसाचं थांबवा जरा. त्या रोजी चुलीवर डाळ लागून राह्यली होती. मी नळी नीट न पाहता आकडा सांगून पळाली. तसं लिहा तिथं."

साहेबांनी मोबाइल खाली केला. मास्टरसाब पेन शोधायला उठले.